हनुवटीवरचं गोंदण

माझ्या बायकोच्या हनुवटीवरचं गोंदण मी पुसलं. माझ्याच हातानं, दिवसाउजेडी, शुद्धीत. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही म्हणून पहिलंच सांगून टाकतो.

मी फोटोवाला. शाळा सातवीपर्यंत, तीही पूर्ण नाही. सौंदडला स्टेशनाच्या रस्त्यावर पुढं दुकान आणि मागं घर. सारी उमर लोकांचे चेहरे काढण्यात गेली. लग्नाचे, शाळेच्या फॉर्मचे, आणि मेलेल्यांचे. मेलेल्यांचे म्हणजे मेल्यावर काढलेले नाहीत. माणूस गेला की घरचे लोक कुठला तरी जुना फोटो घेऊन यायचे आणि तेरवीच्या आत मोठा करून, चौकटीत बसवून मागायचे. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात उभा असलेला म्हातारा, त्याच्या खांद्यावर मागच्या माणसाचा हात. तो हात काढायचा. डोळे अर्धे मिटले असतील तर उघडायचे. बाईच्या अंगावर चांगलं लुगडं चढवायचं, मागं निळं आभाळ टाकायचं. आणि चेहरा साफ करायचा. देवीचे वण, मस, डाग. गोंदणसुद्धा.

गोंदण काढायची मागणी फार. पोरी लग्नासाठी फोटो काढायला यायच्या, तर त्यांच्या आया माझ्या कानाशी येऊन सांगायच्या, "भाऊ, हे हिरवं तेवढं दिसू देऊ नोका. पोराकडचे लोक शहरातले आहेत." रिळाच्या काळात निगेटिव्हवर सारं उलटं दिसायचं. गोंदणाचा काळसर ठिपका तिथं उजळ दिसायचा. शिसपेन्सिलीला टोक काढून त्या उजळ ठिपक्यावर शिसं भरत बसायचं. छापताना ठिपका गायब. हात असा बसला होता की गिऱ्हाइकानं न सांगताही मी काढून मोकळा व्हायचो.

बायकोला हे पटायचं नाही. तिचं माहेर नवेगाव बांधचं. लहान असताना तिथं गोंदणारी बाई आली होती, तेव्हाचं तिच्या हनुवटीवर गोंदण होतं.

"अजी, लोकायचं गोंदन काऊन पुसता? मेल्यावर डोरलं काढतेत, जोडवे काढतेत, सारं उतरवून घेतेत. हेच एक अंगासंग जाते. आन् तुमी तेच पुसून रायले."

"फोटोतलं पुसतो. अंगावरचं नाही."

"मांगं तं फोटोच रायते."

"तुले काय समजते धंद्यातलं," असं म्हणून मी विषय बंद करायचो. दर वेळी हेच वाक्य. ती चहाचा कप जरा जोरात ठेवायची आणि आत जायची.

दोन हजार साल उलटलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत रीळच बंद पडलं. आम्हाला एकच मुलगी, गोंदियाला दिलेली. ती तिथं कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. तिनं एक जुना कॉम्प्युटर आणून माझ्या दुकानात बसवून दिला. मी घाबरलो नाही. अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात कागद हलवणाऱ्याला माऊस हलवायला काय लागते? इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कोणतं बटण कुठं आहे ते जागेवरून पाठ केलं.

माझ्या कामाचे दोन प्रोग्राम होते. एक अल्बमवाला. कॅमेऱ्यातले सारे फोटो तो आपल्यात ओढून घ्यायचा आणि त्यांची काड्यापेटीएवढी लहान चित्रं करून ओळीनं मांडायचा. त्यातून पाहिजे तो फोटो शोधायचा. दुसरा दुरुस्तीवाला. त्यात डाग काढायचं एक हत्यार होतं, त्यावर जखमेला लावतात त्या चिकटपट्टीचं चित्र. ते डागावर फिरवलं की बाजूची चांगली कातडी उचलून डागाच्या जागी बसवते. पेन्सिलीनं अर्धा तास लागायचा ते काम एका टिचकीत.

मुलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाबा, दुरुस्तीले फोटो न्यायचा तं अल्बममधूनच न्यायचा. फोटोवर उजवी टिचकी मारा, मंग बाहेरच्या प्रोग्राममध्ये उघडा असं येते, ते दाबा. अल्बम स्वतः दुसरी कॉपी काढते आन् ते कॉपी तिकडं पाठवते. असल जागेवर रायते. तुमी फोल्डरमध्ये घुसून सीधा उघडला तं असलवरच सेव्ह होते. मंग रडून फायदा नाही."

काही दिवस मी तसं केलं. पण एका फोटोचे दोन, दोनाचे चार, सारे ओळीत शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. एकदा कामठ्याच्या एका घरी मी चुकून दुरुस्त न केलेलाच फोटो मोठा करून दिला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर तो मागच्या माणसाचा हात तसाच. तेरवीच्या मांडवात एका बुढ्यानं विचारलं, "हा हात कोनाचा हो? यमाचा का?" दुःखाच्या घरी सारे हसले. मी मान खाली घालून निघालो. त्या दिवसापासून कॉपीची भानगडच बंद केली. सरळ फोल्डरमध्ये जायचं, फोटो उघडायचा, दुरुस्त करून सेव्ह. एक माणूस, एक फोटो.

यात अल्बमची एक गंमत मला कळली होती. त्याला न विचारता फोटो बदलला की त्याला पत्ताच लागायचा नाही. लहान चित्र तो जुनंच दाखवत राहायचा. त्यावर टिचकी मारून मोठं केलं की मग त्याला जाग यायची, आणि ते लहान चित्रही बदलून नवं व्हायचं. मी त्याला आळशी म्हणायचो. त्या आळसावरच पुढं सारं अवलंबून राहिलं.

फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो नसतो. आमच्या लग्नात फोटो काढायला कोणी नव्हतं. पुढं रीळ वाचवण्यात दिवस गेले. मुलीच्या लग्नातल्या फोटोत बायकोच्या डोक्यावर पदर आणि अर्धं तोंड कोणाच्या तरी पाठीमागं. मतदार कार्डावरचं तिचं तोंड तव्यासारखं. धड फोटो एकच. नवा डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा तो तपासायला म्हणून मी दाराकडं धरला, आणि तेवढ्यात ती चहा घेऊन आली. "अजी, ते यंत्र खाली ठेवा, चहा थंडा होऊन रायला," म्हणते न म्हणते तोच मी बटण दाबलं. छातीपर्यंतचा फोटो, तोंड सरळ, चिडता चिडता हसलेली. दाराचा उजेड एका बाजूनं. हनुवटी स्वच्छ आलेली. मी म्हटलं छापून भिंतीला लावतो. ती म्हणाली, "आतापासून कायले? मेल्यावर लागनच आहे."

तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हळद फासली, कपाळभर कुंकू भरलं, हिरवं लुगडं नेसवलं. माझ्या डोळ्यांसमोरून शेवटचा गेला तो हळदीनं पिवळा झालेला चेहरा. हनुवटीकडं कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी तिचा फोटो करायला बसलो. दुसऱ्या दिवशी तेरवी. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी नोका करू. मी करते."

"तुह्या मायचा फोटो दुसरा कोन करन? मी मेलो का?"

ती आत जाऊन तांदूळ निवडत बसली.

मी फोल्डर उघडलं, फोटो उघडला, आणि लोकांचे करतो तसा तिचा केला. मागचं दार काढून आभाळ टाकलं. कपाळावर आलेली बट सरळ केली. मग चिकटपट्टी घेतली. डोळ्यांखालचं काळं काढलं. नाकाजवळचा वण काढला. मग हनुवटी. डोळ्यांत पाणी होतं, समोरचं धड दिसत नव्हतं, पण हाताला पाहायची गरज नव्हती. बारा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं की काही काम करून राहिलो. सेव्ह केलं, दुरुस्तीवाला बंद केला आणि वहीच्या पानाएवढी प्रिंट काढली.

दीडच्या सुमारास मुलगी जेवायला बोलवायला आली. प्रिंट टेबलावर होती. तिनं ती उचलली, दाराच्या उजेडात धरली.

"बाबा, आईचं गोंदन कुठी आहे?"

मी प्रिंट तिच्या हातातून घेतली. गुळगुळीत तोंड. साबणाच्या जाहिरातीतली म्हातारी.

"असल उघडा," ती म्हणाली.

मी प्रिंट उलटी करून टेबलावर ठेवली.

"बाबा, कॉपी केली होती ना?"

"फोल्डरमधून उघडलं."

"किती डाव सांगतलं होतं तुमाले! किती डाव!" तिचा आवाज फाटला. "आईलेबी असंच करत होते तुमी. ते बोलली की म्हनायचं, तुले काय समजते. बसवली तिले चूप. आता मलेबी बसवा."

"कार्ड..."

"कॅमेऱ्याच्या कार्डात आहे का?"

"नाही. पुसून पुसून वापरलं."

"सीडी?"

"त्या सालची नाही केली."

तिनं आपल्या क्लासातल्या एका सरांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. ते म्हणाले, "उसी फाइल के ऊपर सेव्ह कर दिया ना? तो गया समझो. अंकल से बोलो, दूसरा फोटो ढूँढ़ लें."

दुसरा फोटो. मी म्हटलं, "जाऊ दे. मी लावून देतो. रंग आहे, कुंचला आहे. या प्रिंटवरच माह्या हातानं ठिपके लावतो. त्यात काय एवढं?"

"लावा. किती होते?"

"तीन."

"कसे? ओळीत, का चुलीच्या दगडावानी?"

मी डोळे मिटले. तिचं तोंड समोर आलं, बोलताना, भाकर थापताना, झोपलेलं. हनुवटीवर हिरवं काहीतरी होतं. एवढंच.

"डाव्या अंगाले का उजव्या?"

"मधात."

"मधात नव्हते, बाबा."

"मंग तू सांग."

तिनं आपल्याच हनुवटीवर बोट ठेवलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. तिलाही सांगता येईना. त्या हनुवटीखाली मान खुपसून ती लहानाची मोठी झाली होती.

बायको गेली तेव्हा मी रडलो होतो. हे झालं तेव्हा मी घाबरलो. कारण पुढं काय होणार ते मला माहीत होतं. मी एका म्हाताऱ्याच्या फोटोला कोट चढवला होता. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस. दहा वर्षांनी त्याचीच पोरं कोणाला तरी सांगत होती, आमचा बाप कोट घालायचा. भिंतीवर जे लागते तेच खरं होते. उद्या ही साबणवाली बाई भिंतीवर लागली असती, आणि वर्ष-दोन वर्षांत मलाच ती माझी बायको वाटायला लागली असती.

मुलीनं डोळे पुसले आणि माऊस हातात घेतला. "एखादा दुसरा असंल, कोनाच्या कार्यक्रमातला," असं पुटपुटत तिनं अल्बम उघडला. चित्रांच्या ओळी वर सरकू लागल्या. पोरं, नवऱ्या, बैल, म्हातारे. आणि मध्येच ती.

दार मागं होतं. बट कपाळावर होती. हनुवटीवर हिरवं होतं.

"बाबा! आहे! असल आहे!" मुलगी ओरडली आणि तिचं बोट टिचकी मारायला खाली गेलं.

मी तिचं मनगट धरलं. इतकं जोरात, की बांगडी वाढली.

"सोडा ना! काय करून रायले?"

"मारू नोको टिचकी. हे असल नाही. खालची फाईल मी बदलवली, याले अजून ठाऊक नाही. हे त्याच्यापाशी राहून गेलेलं जुनं चित्र आहे. मोठं कराले गेली का त्याले जाग येते आन् हेबी जाते."

ती माझ्याकडं पाहत राहिली. आजवर कॉम्प्युटरमधलं तिनं मला सांगायचं आणि मी ऐकायचं. तिनं हळूच माऊसवरचा हात उचलला, जसं खाली विंचू आहे.

"अल्बम बंद करून पुन्हा चालू केला तं?"

"तेव्हाबी जागते, कधी कधी."

भिंतीवरच्या घड्याळात दोनला आठ-नऊ मिनिटं होती. आमच्याकडं तेव्हा दोन वाजता वीज जायची, आणि जाण्याच्या बाबतीत ती वेळ पाळायची. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. फार तर चार-पाच मिनिटं.

"थांबा, एक बटन असते," मुलगी म्हणाली. "दाबलं का स्क्रीनचा फोटो निघते."

"कुठी जाते तो फोटो?"

"मेमरीत. मंग दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिपकवून सेव्ह कराव लागते."

"आन् तेवढ्यात लाइट गेली तं?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"तू तुह्यं कर. मी माह्यं करतो. अल्बमले हात नोको लावू."

मी तिपाई आणली. जुन्या फोटोचा फोटो काढायचं काम मी जन्मभर केलेलं. समोर कागद असो की काच. दाराचा पडदा ओढला, म्हणजे काचेवर उजेड पडणार नाही. माझा मॉनिटर जुना, डब्यासारखा. त्याचा फोटो झटक्यात काढला की मधून आडवा काळा पट्टा येते. शटर सावकाश ठेवावं लागते, आणि सावकाश ठेवलं की काहीही हललेलं चालत नाही. कॅमेरा कसून बसवला. त्या लहानशा चित्रावर नजर बसवायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

वीज गेली. पंखा थांबला. यूपीएस ओरडू लागला, टूं, टूं. खोलीत फक्त मॉनिटरचा उजेड आणि त्यात ती, काड्यापेटीएवढी.

"बटन दाबलं," मुलगी म्हणाली. "दुसरा प्रोग्राम उघडून रायला. वाळूचं घड्याळ फिरून रायलं नुसतं."

मी शटरवर बोट ठेवलं आणि पायाखालची फरशी थरथरली. मालगाडी. कोळशाची, लांबलचक. गाडी आली की आमच्या दुकानातल्या चौकटीसुद्धा भिंतीवर वाजतात. तरी मी एक काढला. वाया गेला हे काढतानाच कळलं.

"काढा ना बाबा, काऊन थांबले?"

"गाडी जाऊ दे."

"बॅटरी जाईन ना!"

"हलू नोको तू. टेबल धरू नोको."

डबे मोजायची सवय प्रत्येकाला असते स्टेशनाजवळ राहिलं की. मी मोजत होतो आणि यूपीएसचं ओरडणं जवळ जवळ येत होतं. टूंटूं, टूंटूं. मुलगी उभी, दोन्ही हात छातीशी, स्क्रीनवरचं वाळूचं घड्याळ फिरतच होतं. शेवटचा डबा गेला. मी काढला, पण माझंच बोट हललं. पुन्हा श्वास धरला. बटण दाबलं, शटर उघडं राहिलं, मिटलं.

आणि अंधार झाला. यूपीएसही गप्प.

"माह्यं सेव्ह नाही झालं," मुलगी अंधारातच म्हणाली. मग घाबरत घाबरत, "तुमचं?"

पडदा सारला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बारक्या काचेत पाहिलं. पहिल्यात नुसता हादरा. दुसऱ्यात दोन तोंडं. तिसरा मी मोठा केला, आणखी मोठा केला. चौकोन चौकोन दिसू लागले, म्हणून थोडा लहान केला. मुलीचं डोकं माझ्या डोक्याला लागलेलं होतं.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चुलीच्या दगडावानीच होते, बाबा. आन् हे काय? डाग आहे का काचेचा?"

मी काच बनियनला पुसली. डाग नव्हता. चौथा ठिपका होता, तिघांपासून जरा फटकून, ओठाच्या उजव्या कोपऱ्याकडं.

"चार," मी म्हटलं.

पाच वाजता वीज आली तेव्हा आम्ही अल्बम उघडला. माझ्या बायकोच्या जागी साबणवाली होती, मागं आभाळ. मी टिचकी मारली नव्हती. त्यानं आपणच डोळे उघडले होते.

पण तोवर काम झालं होतं. दुपारीच मी प्रिंट घेऊन दारात बसलो. रिळाच्या काळात छापलेल्या फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके राहायचे, ते भरायला शून्य नंबरचा कुंचला असायचा, चार केसांचा. तो शोधून काढला. रंगाच्या वड्या सुकून दगड झाल्या होत्या, पाणी टाकून मऊ केल्या. हिरव्यात काळा, मग थोडा निळा. गोंदणाचा रंग नुसता हिरवा नसतो. मुलगी समोर बसून कॅमेरा धरून होती, फोटो मोठा करून. जन्मभर मी लोकांच्या तोंडावरचं काढत आलो. लावायची ही पहिलीच वेळ.

टोक यावं म्हणून मी कुंचला जिभेला लावला.

"कुंचला तोंडात नोका घालू. रंग पोटात जाते," मुलगी म्हणाली.

हे तिच्या आईचं बोलणं. आवाजही तोच. आम्ही दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. मी कुंचला लुगड्याच्या चिंधीला पुसला, पुन्हा बुडवला आणि पहिला ठिपका ठेवला. मग दुसरा. तिसरा. चौथ्याच्या वेळी मी तिला म्हटलं, कॅमेरा जरा जवळ आण. तिनं आणला. मी चौथा ठेवला.

"थोडा खाली गेला का?"

"नाही. तिथंच होता," ती म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं, तरी म्हणाली.

तेरवीला नवेगावहून माझी साळी आली, बायकोची धाकटी बहीण. चौकट पाटावर ठेवलेली, पुढं दिवा. काचेवर कुंकू लावायला तिनं करंडा उघडला आणि वाकली. बोट तसंच राहिलं. चष्मा नाकावर सरकवून तिनं पुन्हा पाहिलं.

"भाऊजी, हा चवथा तुमाले कोनं सांगतला?"

"काऊन?"

"तीनच गोंदाचे होते. ते बाई गोंदून रायली होती आन् मी मांगून हिले गुदगुल्या केल्या. हे हलली, सुई घसरली. मायनं मले असं बडवलं... हिनं शप्पथ घेतली होती, घराबाहेर कोनाले सांगनार नाही म्हनून. तुमाले सांगतलं का मंग?"

मुलगी माझ्याकडं पाहत होती. हो म्हणून टाकलं असतं तर तिच्याशिवाय कोणाला कळलं असतं?

"मले नाही सांगतलं," मी म्हटलं. "मले तीन वाटत होते. तेबी पक्कं नाही. मशीनीत राहून गेलं होतं, त्यात पाहून लावले."

साळीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"चाळीस वर्स काय पायत होते मंग तुमी?"

मग तिनं काचेवर कुंकू लावलं, आणि तेच बोट पदराला पुसून हनुवटीवरच्या काचेवर जरा वेळ ठेवलं.

चौकट अजून भिंतीवर आहे. ठिपके उडालेले नाहीत, काचेमागं आहेत. दुकान चालूच आहे, कमी चालते. कोणी गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलं की मी पहिलं त्याला स्टुलावर बसवतो आणि विचारतो, तोंडावर काय काय होतं, सांगा. वण कोणत्या अंगाला, मस किती, गोंदण होतं का, कसं होतं. लोक सांगायला लागतात आणि मधातच अडखळतात. मी घाई करत नाही. मग अल्बम उघडतो, उजवी टिचकी मारतो, कॉपी बाहेर पाठवतो. असलला हात लावत नाही.